शब्दचर्चा: 'डोंट बी ईव्हिल' मराठीत कसं म्हणाल?

अनुवादाची_हमाली:
एका दिवाळी अंकासाठी लेख मराठीत करतेय. विषय असा की मोठ्या टेक कंपन्यांना नफाही कमवायचाय आणि सरळही वागायचंय, तर हे दोन्ही एकत्र जमतं का. अर्धा झाला आणि गाडी गूगलच्या जुन्या ब्रीदावर येऊन अडली, 'डोंट बी ईव्हिल'. 'दुष्टपणा करू नका' लिहिलं तर डोळ्यापुढे शकुनीमामा येतो, 'वाईट वागू नका' म्हटलं तर बालवाडीच्या बाई, आणि 'अनैतिक होऊ नका' वाचून संपादक म्हणाले की हे विवाहबाह्य वाटतंय. त्यांचं चूक नाही, मराठीत अनैतिक म्हटलं की पुढचा शब्द 'संबंध'च येतो. तर सुचवा. आणि 'एथिकल'ला 'नैतिक' सोडून दुसरं काही आहे का आपल्याकडे?

चहाटळ:
आपल्याकडे नैतिक फक्त जबाबदारी असते, ती पण राजीनाम्याच्या बातमीत.

पंतोजी:
विनोद बाजूला ठेवू पण मुद्दा तोच आहे. 'नीती' हा 'नी' धातूवरून, नेणे. कुणाला कुठे आणि कसं न्यायचं ते. म्हणून राजनीती, कूटनीती, युद्धनीती या शब्दांत चांगुलपणाचा वास पण नाही, आहे ती निव्वळ चाल. चांगुलपणा हवा असेल तेव्हा आपण 'नीतिमत्ता' म्हणतो. (मालमत्तेतली मत्ता वेगळी, ती अरबी 'मताअ'वरून आलीय, कुणीतरी कोटी करणारच म्हणून आधीच सांगितलं.) त्यामुळे 'कंपनीची नीती' असं लिहिलंत तर वाचणारा स्ट्रॅटेजी समजेल, तुम्हाला एथिक्स म्हणायचंय. एकाच शब्दात दोन्ही बसलेत ही भाषेची अडचण आहे की शहाणपण, ते तुम्ही ठरवा.

खाडीकाठचा_सनीवेल:
पंतोजी, गूगलच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकाच वाक्यात होते हो. थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे शब्द निवडायला बरं पडेल. कंपनीची मूल्यं काय असावीत यावर 2000 च्या आसपास एक मीटिंग झाली, त्यात हे वाक्य पॉल बुकहाइट या इंजिनियरने सुचवलं, हाच तो जीमेल बनवणारा. त्याने पुढे सांगितलंय की त्यात बाकीच्या कंपन्यांना, जास्त करून स्पर्धकांना, एक चिमटा होता, कारण त्या युजर्सचा गैरफायदा घेतात असं त्याचं मत होतं. म्हणजे हा 'ईव्हिल' पुराणातला राक्षस नाहीच, दुकानदाराच्या लबाडीबद्दलचा आहे. मग 2004 ला शेअर बाजारात उतरताना संस्थापकांनी जे पत्र लिहिलं त्यात हे वाक्य आलं, आणि पुढे कारण काय दिलं तर थोडा तात्पुरता फायदा सोडावा लागला तरी जगाचं भलं करणारी कंपनी लांबच्या हिशोबात शेअरहोल्डरांनाही जास्त देईल. आता बोला, ही नीतिमत्ता झाली का धोरण?

अनुवादाची_हमाली:
अरे हे भारीच. म्हंजे चांगलं वागायचं कारण पण नफाच. मग 'लबाडी' घेऊ का?

मोंढा_लातूर:
लबाडी बरोबर बसतंय. आमची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भुसाराची आडत आहे, आजोबांपासून. आमच्याकडं 'तो नैतिक माणूस आहे' असं कुणी म्हणत नाही, 'चोख आहे', 'सचोटीचा आहे', 'त्याच्या मापात पाप नाही' असं म्हणतात. मापात पाप हा शब्द बघा, पाप माणसाच्या मनात आहे का देवाच्या दारात हा विषयच नाही, ते मापात आहे, म्हणजे धरता येतं, काटा तपासला की सापडतं. तुमच्या या कंपन्यांचं मला एकच कळत नाही, त्यांचा काटा कुठाय?

चहाटळ:
मोंढ्यात रामराज्य होतं म्हणायचं का मग? शेतकऱ्याच्या वजनातून कडता कोण कापायचं?

मोंढा_लातूर:
रामराज्य म्हणलं का मी? कडता कापायचे, रुमालाखाली बोटं धरून हत्त्याचे सौदे व्हायचे, शेतकऱ्याला शेजारी उभं राहून पण भाव कळायचा नाही. पण त्या प्रत्येक लबाडीला नाव होतं म्हणून तर भांडता आलं आणि नियम झाले. भाजीपाल्याची आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची हे 2016 ला झालं ते असंच ओरडून ओरडून झालं. नाव नसलेल्या लबाडीवर मोर्चा काढता येत नाही.

खाडीकाठचा_सनीवेल:
दादा तुमचा काटा सापडला बरं का, आणि कोर्टातच सापडला. इंटरनेटवरच्या जाहिरातीचा धंदा पण मोंढाच आहे, साइटवाले जागा विकतात, जाहिरातदार विकत घेतात, मधे लिलाव होतो, सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आता विकणाऱ्याचं सॉफ्टवेअर गूगलचं, घेणाऱ्याचं पण गूगलचं आणि लिलावाचं अंगणही त्यांचंच. कंपनीतल्याच एकाने आतल्या आत लिहिलं होतं की हे म्हणजे गोल्डमन किंवा सिटीबँकेने न्यूयॉर्कचा शेअर बाजारच घेऊन टाकल्यासारखं आहे. एप्रिल 2025 मधे व्हर्जिनियातल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला की विकणाऱ्यांचं सॉफ्टवेअर आणि लिलाव या दोन्हीत बेकायदा मक्तेदारी केली गेली. (घेणाऱ्या बाजूचा आरोप मात्र टिकला नाही.) तुमच्या भाषेत, आडत्याच हमाल, तोलारही तोच आणि बाजार समितीही तोच.

पंतोजी:
मक्तेदारी हा शब्द आपल्याकडे मक्त्यावरून आला, सरकारने ठरावीक पैशावर दिलेला हक्क. इथे मक्ता कुणीच दिला नव्हता, तरी शब्द तोच चालवतो आपण.

कंटाळलेली_कोथरूड:
मी भाषेतली तज्ञ वगैरे नाही पण मला 'डार्क पॅटर्न'ला, म्हणजे ॲपमधल्या फसव्या मांडणीला, मराठी शब्द हवाय कधीचा. मागच्या महिन्यात एका ॲपची मेंबरशिप बंद करायला बसले, घ्यायला एक टिचकी आणि सोडायला पाऊण तास, मधे तीनदा विचारलं खात्री आहे का, आणि शेवटच्या बटणावर लिहिलेलं 'नको, मला पैसे वाचवायला आवडत नाही', अरे मला का टोमणे मारताय! आपल्या सरकारने नोव्हेंबर 2023 ला असल्या 13 युक्त्यांची यादी करून त्यावर बंदी आणली, पण त्यातली नावं बघा, बास्केट स्नीकिंग, कन्फर्म शेमिंग, सबस्क्रिप्शन ट्रॅप. आईला कसं समजावू मी हे?

मोंढा_लातूर:
बटणात पाप.

अनुवादाची_हमाली:
बटणात पाप!! घेतला. बास्केट स्नीकिंगला, न विचारता वस्तू घालतात ना, 'पिशवीत सरकवणं' आणि कन्फर्म शेमिंग म्हणजे सरळ टोमणाच की.

खाडीकाठचा_सनीवेल:
आणि ते पाऊण तासाचं प्रकरण, त्याला शब्द तयारच आहे, द्राविडी प्राणायाम. ॲमेझॉनवर इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, ट्रेड कमिशनने 2023 ला केस केली तेव्हा बाहेर आलं की प्राइम बंद करायच्या प्रक्रियेचं कंपनीतलं नाव 'इलियड' होतं, ग्रीकांचं ते लांबलचक युद्धाचं महाकाव्य. म्हणजे आपण ग्राहकाला किती फिरवतोय ते त्यांना पक्कं माहीत होतं आणि वर गंमतही वाटत होती! 2025 मधे अडीच अब्ज डॉलरवर मिटलं. अशी नावं ठेवणारा माणूस राक्षस नसतो हो, शेजारच्या डेस्कवर बसणारा असतो, त्याला तिमाहीचा आकडा दिलेला असतो आणि मेंबर गळाले तर त्याचा आकडा पडतो.

कंटाळलेली_कोथरूड:
म्हणजे बिचारा शेअरहोल्डरांच्या दबावाखाली का?

खाडीकाठचा_सनीवेल:
नेहमी नाही. गूगलच्या संस्थापकांनी 2004 लाच स्वतःकडे एका शेअरला दहा मतं वाले शेअर ठेवले होते, शेअरहोल्डर काय करणार कपाळ? आणि गंमत म्हणजे 1998 ला विद्यार्थी असताना त्याच दोघांनी शोधनिबंधात लिहिलं होतं की जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणारच. सगळं कळत होतं. 2018 ला आचारसंहितेच्या सुरुवातीतून 'डोंट बी ईव्हिल' काढलं, शेवटच्या ओळीत तेवढं राहिलं. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या ड्रोनच्या कामाविरुद्ध हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या, ते कंत्राट पुढे वाढवलं नाही आणि शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही असं लिहूनही दिलं. 2025 च्या फेब्रुवारीत ते लिहिलेलं काढून टाकलं. म्हणून माझं मत असं की जमतं, पण आतून कुणी ओरडणारं असेल किंवा बाहेर कोर्ट असेल तेवढ्यापुरतंच, ब्रीदवाक्यावर भरवसा ठेवून नाही.

पंतोजी:
तुम्ही सगळे 'युजर' म्हणताय, मराठीत 'वापरकर्ता' लिहितात. मुद्दाम विचारतो, 'गिऱ्हाईक' का नाही?

मोंढा_लातूर:
कारण गिऱ्हाईक पैसे देतं. सर्च करणारा कुठं देतो? पैसे देतो जाहिरातवाला. आमच्याकडं पैसे न देता बाजारात आलेला जो असतो त्याला माल म्हणतात.

चहाटळ:
तरी पण गिऱ्हाईकच बरोबर. कॉलेजात एखाद्याला सगळ्यांनी मिळून पिडलं की म्हणायचो ना, आज याचं गिऱ्हाईक केलं.

पंतोजी:
हा अर्थ मी विसरलोच होतो. मान्य.

अनुवादाची_हमाली:
चहाटळ, पहिल्यांदाच उपयोगी पडलात. ठरवलंय ते असं, एथिकलला जिथे जमेल तिथे 'सचोटीचा', डार्क पॅटर्नला 'बटणात पाप', आणि ब्रीदाला 'लबाडी करू नका'.

मोंढा_लातूर:
नुसती लबाडी घरातली पोरं पण करतात. धंद्यातल्याला 'लांडीलबाडी' म्हणतात.

अनुवादाची_हमाली:
'लांडीलबाडी करू नका.' वाचून बघितलं मोठ्याने, बसतंय. संपादकांना पाठवते. आता पुढच्याच परिच्छेदात 'शेअरहोल्डर व्हॅल्यू' आहे आणि त्याला 'भागधारकमूल्य' लिहायची माझी अजिबात इच्छा नाही, त्यासाठी उद्या वेगळा धागा काढते.