मदत हवी आहे: नव्याने बांधलेले गार्डन ट्रॅक्टरचे इंजिन कडाक्याच्या थंडीत सुरू होत नाही

जाणकारांना नमस्कार.

मी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो. माझ्याकडे १९७० च्या सुमाराचा कब कॅडेट १२७ हा गार्डन ट्रॅक्टर आहे. उन्हाळ्यात गवत कापण्यासाठी आणि हिवाळ्यात पुढे स्नो थ्रोअर जोडून घरासमोरचा बर्फ हटवण्यासाठी मी तो वापरतो. त्याला कोहलरचे के-३०१ हे १२ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, बिडाचे इंजिन आहे. ते ऑइल फार खाऊ लागले होते, म्हणून या वर्षी सिलिंडर बोअर करून घेतला, ०.०१० इंच ओव्हरसाइझचा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या, व्हॉल्व्ह ग्राइंड करून घेतले आणि पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे इग्निशनचे संपर्क) व कंडेन्सर नवीन घातले. ऑक्टोबरात इंजिन सेल्फ मारताच सुरू होत असे आणि लोड देऊनही धूर काढत नसे. आता पारा उणे १५ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यापासून मात्र ते काही केल्या पकडत नाही.

लक्षणे अशी आहेत. सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरते, कॉम्प्रेशनच्या टप्प्यावर जवळजवळ अडते, आणि नेमके त्याच वेळी स्टार्टर-जनरेटरचा (सेल्फ आणि चार्जिंग दोन्ही करणाऱ्या मोटरचा) पट्टा किंचाळून घसरतो. कधीतरी एखादा स्फोट होतो, पण तो उलटा झटका देऊन विरतो. त्यानंतर प्लग काढून पाहिला, तर तो पेट्रोलने ओला असतो. याच इंजिनाला गॅरेजमध्ये हीटर लावून काही तास ऊब दिली, तर ते चोक ओढून लगेच सुरू होते आणि पुढे दिवसभर तक्रार करत नाही.

जे तपासून झाले आहे ते सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. पॉइंटची गॅप ०.०२० इंच आणि प्लगची ०.०३५ इंच आहे. फ्लायव्हीलवरील ‘एस’ ही खूण समोर येते तेव्हाच पॉइंट उघडतात. उन्हाळ्यातले पेट्रोल काढून टाकले आणि पंपावरचे ताजे, हिवाळी पेट्रोल भरले, कारण जुने पेट्रोल थंडीत नीट वाफाळत नाही. फ्लायव्हील हाताने उलटे फिरवले की ते जोरात परत उसळते, त्यामुळे कॉम्प्रेशनविषयी मला शंका नाही. बॅटरी नवी आहे. तरीही एवढ्या थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते हे लक्षात घेऊन तिला मोटारीच्या बॅटरीचा आधार देऊन पाहिला. इंजिन किंचित जलद फिरले, पण सुरू झाले नाही.

आता माझ्या मनातील संशय. या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर कॉम्प्रेशन सोडून देणारी एक यंत्रणा असते. सुरू करताना, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना, ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडासा उचलून धरते, आणि वेग वाढला की बाजूला होते. व्हॉल्व्हची गॅप, म्हणजे त्याची दांडी आणि तिला खालून ढकलणारा टॅपेट यांमधली फट, जास्त असेल तर हे उचलणे तेवढ्याने कमी होते. पुस्तिकेत एक्झॉस्टची गॅप ०.०१७ ते ०.०१९ इंच दिली आहे आणि माझी ०.०१९ भरली. ब्रीदरचे झाकण काढून फ्लायव्हील हळूहळू सुलट फिरवले, तेव्हा इनटेक बंद झाल्यानंतर एक्झॉस्टची दांडी अगदी जराशी वर येऊन पुन्हा बसताना स्पष्ट दिसली. यंत्रणा चालते आहे, हे नक्की. पण पट्ट्यावर येणारा भार पाहता ती पुरेशी उचलते का, हे मला ठरवता येत नाही. गॅप कमी करायची तर टॅपेट फिरवून ती जुळवता येते, हेड खोलावे लागत नाही; पण त्याने खरेच फरक पडेल का, हे आधी विचारावेसे वाटते.

दुसरा संशय ऑइलवर आहे. रिंगा बसेपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीशी घासून जुळेपर्यंत, साधे एसएई ३० वापरावे असे मला सांगण्यात आले होते, आणि अजून तेच भरलेले आहे. शून्य अंश सेल्सियसच्या खाली पुस्तिका ५डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सुचवते. शिवाय हा ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक (चाकांना गती ऑइलच्या पंपामार्फत देणारा) असल्याने इंजिन आणि पंप यांच्यामध्ये क्लच नाही. सेल्फ मारताना मधासारखे दाट झालेले हायड्रॉलिक ऑइलही स्टार्टरलाच घुसळावे लागते. इंजिन इतके जड फिरते त्यात या ऑइलचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. तो दोष नव्या रिंगांच्या घट्टपणावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही.

एक विनंती आहे. इंजिन चटकन पेटावे म्हणून ईथरचा फवारा मारण्याचा सल्ला कृपया देऊ नये. रिंगा अजून पूर्ण बसलेल्या नाहीत, सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल आधीच पेट्रोलने धुतले जात आहे, आणि नुकत्याच होन केलेल्या बोअरवर ओरखडे पडलेले मला पाहवणार नाहीत. याच कारणाने मी चोक ओढून वारंवार सेल्फ मारणेही थांबवले आहे.

माझे प्रश्न असे. रिंगा बसण्याच्या काळातच ५डब्ल्यू-३० वर जाण्याने त्या बसण्याला खरोखर अडथळा येतो का, की एवढ्या थंडीत पातळ ऑइलच अधिक सुरक्षित आहे? इंजिनापासून पंपापर्यंतचा दांडा तात्पुरता सोडून सेल्फ मारून पाहिला, तर दोष इंजिनाकडे आहे की पंपाकडे हे निश्चित कळेल ना? क्रँककेसला ऊब देण्यासाठी चुंबकाने चिकटणारा विजेचा हीटर कोणी अशा बिडाच्या इंजिनावर वापरला असेल, तर तो किती वॅटचा घ्यावा आणि सुरू करण्याआधी किती वेळ लावून ठेवावा? आणि ज्यांनी ही इंजिने स्वतः बांधली आहेत त्यांना विशेष विचारायचे आहे: एक्झॉस्टची गॅप ०.०१९ ऐवजी ०.०१७ ठेवल्याने सुरू करतानाचा भार जाणवण्याइतका हलका होतो का?