‘किरकोळ कारणावरून खून’: इथे कारण की निमित्त?

गोदाकाठची
नाशिकला सातपूरच्या बाजूला झालेल्या एका खुनावर पुस्तक लिहितेय. जबाब, आरोपपत्र, निकालपत्र वाचून आणि दोन्ही घरांतल्या माणसांशी बोलून. ‘दुचाकीचा धक्का हे निमित्त झालं’ असं मी लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे ‘निमित्त’ खोडून ‘कारण’ केलंय. धक्का लागला म्हणून कोणी कोणावर कोयता उगारत नाही हो. सुटलेलं काम, गल्लीतली दादागिरी, चारचौघांत खाल्लेली थप्पड, हे सगळं आधीचं आहे आणि कारण तिथे आहे. बातमीत मात्र ‘किरकोळ कारणावरून’ एवढंच आलं. तुम्ही कोणता शब्द ठेवाल?

पंचवटीकर
संपादकांचं बरोबर आहे. ‘निमित्त’मध्ये मारणारा सुटतो. ‘निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्’, गीतेचा अकरावा अध्याय. मारणारा दुसराच, अर्जुन नावाला. आपणही ‘तापाचं निमित्त झालं आणि आजी गेल्या’ म्हणतो, तेव्हा दोष कोणाकडेच नसतो. खुनाला हा शब्द लावू नये.

तर्कवाचक
न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, निमित्त हे पुरतं कारणच आहे. येवल्याची पैठणी घ्या. रेशीम हे समवायी कारण, म्हणजे ज्याची वस्तू बनते ते; माग आणि विणकर ही निमित्तकारणं, म्हणजे ती घडवणारी. म्हणजे कोयता धरणारा हात निमित्तकारणातच येतो, तो सुटत नाही. कारण विरुद्ध निमित्त ही जोडीच मुळात चुकीची आहे.

सातपूरवाली
शास्त्रात असेल. बोलण्यात ‘तो निमित्ताला टेकलाच होता’ म्हणतात, त्याचा अर्थ आग आधीपासून होती. ताईंना तेच म्हणायचंय.

निवृत्त हवालदार
ठाण्यात आम्ही ‘मागील भांडणाची कुरापत काढून’ लिहायचो. निमित्त आपोआप होतं, कुरापत माणूस काढतो. ताई, कुरापत वापरा, म्हणजे कर्ता समोर राहील.
आणखी एक. फिर्यादी सांगायचा, ‘साहेब, तो रोज पानटपरीवरून खुन्नस द्यायचा, माझ्या भावाने रस्ता बदलला होता.’ कागदावर उतरायचं ‘पूर्ववैमनस्यातून’. रस्ता बदलल्याचं कुठेच यायचं नाही. पुस्तकात ते येऊ द्या.

मखमलाबाद
खुन्नस हा खूनवरूनच ना? ज्याच्या डोक्यात खून तो खुनशी, तो बघतो ती खुन्नस. आमच्या मळ्याकडे बांधावरून वाद झाला की हाच शब्द निघतो.

शुद्धलेखन
एवढ्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही. खून फारसी, मूळ अर्थ रक्त. हिंदीत तो अर्थ अजून आहे, मराठीने फक्त जीव घेण्याचा ठेवला. गंभीर पुस्तकात स्वच्छ ‘हत्या’ लिहावं.

सातपूरवाली
खून, फिर्याद, जबाब, मयत, गुन्हा सगळं काढलंत तर त्या घरातली माणसं बोलणार कशात? आई ‘माझ्या पोराचा खून केला’ म्हणूनच टाहो फोडते. तिचं वाक्य बदलायचा अधिकार कोणालाच नाही.

गोदाकाठची
खून राहणारच. मूळ प्रश्नाकडे येऊ. नाशिकचंच उदाहरण घेते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांची जन्मठेप आणि पारतंत्र्याची चीड हे कारण. जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती, तो हातून निसटणार होता, हे निमित्त. बदलीमुळे मारलं असं कोणी लिहील का?

पंचवटीकर
उदाहरण पटलं. पण ताई, तो खून नव्हे, वध. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे दोन साथीदार फासावर गेले. शब्द जपून वापरायला हवा.

शुद्धलेखन
वध कंसाचा, कीचकाचा. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. वध म्हटलं की निकाल आधीच लागतो. कारणं शोधणाऱ्या पुस्तकात असा शब्द चालत नाही.

पंचवटीकर
मग खून म्हटल्यावर निकाल लागत नाही का? देशासाठी फासावर गेलेल्याला आणि टपरीवरच्या गुंडाला एकाच शब्दात बसवणार?

निवृत्त हवालदार
कायद्यात उलटं आहे, तिथे वध खुनापेक्षा हलका. खुनाला दंडसंहितेचं कलम ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचं १०३. सदोष मनुष्यवध खुनापर्यंत पोचला नाही तर शिक्षा कमी. अचानक प्रक्षोभाचा बचाव तिथेच येतो. नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण मधे शांत व्हायला वेळ मिळाला होता.

मखमलाबाद
म्हणजे निमित्त आणि वार यांच्यात किती वेळ गेला तेही लिहायला हवं.

गोदाकाठची
ते लिहिलंय, धक्का आणि वार यांच्यात बराच वेळ गेला होता. पण काका, धक्का खरंच चुकून लागला होता. तिथे कुरापत कशी बसेल?

निवृत्त हवालदार
धक्क्याला नाही बसणार. चुकून लागलेल्या धक्क्यावरून जुनी थप्पड कोणी उकरून काढली ते जबाबांत शोधा. कुरापत तिथे लिहा.

पंचवटीकर
आणि वधाचं काय ठरलं?