उत्तर: नायकाने खलनायक व्हावं का?

टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीत लोकांच्या लाडक्या नायकाला खलनायक करावं का, या प्रश्नावर ‘होगनचं जमलं, म्हणजे कोणाचंही जमेल’ असं एक मत इथे आलं, ते मला पटत नाही. जुलै १९९६ मध्ये हल्क होगनने हॉल आणि नॅश या खलनायक कुस्तीगिरांशी हातमिळवणी केली आणि तो स्वतः खलनायक झाला, तेव्हा त्याचा नायकाचा लाल-पिवळा अवतार लोकांना नकोसा व्हायला लागलाच होता. रोमन रेन्स या कुस्तीगिराचंही तसंच. नायक म्हणून वर्षानुवर्षं हुर्यो झाली, २०२० मध्ये खलनायक होऊन परतला आणि मग कुठे तो खरा मोठा झाला.

उलट उदाहरण इथे कोणी दिलंच नाही, ते स्टीव्ह ऑस्टिनचं. १ एप्रिल २००१, रेसलमेनिया १७, म्हणजे कुस्तीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. गाव ह्यूस्टन, म्हणजे त्याचं स्वतःचं टेक्सास. ज्या कंपनीमालक मॅकमहनशी त्याने वर्षानुवर्षं वैर केलं, त्याच्याच मदतीने त्याने प्रतिस्पर्धी रॉकला खुर्चीने बडवून काढलं, तरी लोक जल्लोषच करत होते! प्रेम आटलेलं नसताना नायक फिरवला, म्हणजे खलनायक केला, की असं होतं. पुढे ऑस्टिनने स्वतःच तो निर्णय चुकल्याचं सांगितलं.

मार्च २०२५ मध्ये जॉन सीनाला फिरवला तोही मला असाच चुकीचा वाटला. कुस्तीतून निवृत्त होणाऱ्याची निरोपाच्या वर्षात कोण हुर्यो करणार? आमच्या नागपुरात, महालातल्या गल्लीत त्याच्या फोटोचे खेळायचे पत्ते जमवणारे पोट्टे आता नोकरीला लागले. कोडी रोड्स या नायकाला त्याने मारलं तेव्हा त्यातल्या एकालाही राग आला नाही, सगळे नुसते हळहळले. खलनायकाबद्दल राग यायला हवा. ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा नायक केलं, ते बरंच झालं.