फडताळात निघालेलं काचसामान: कट ग्लास की दाबलेली काच?

यावलची_सून
यावलला सासऱ्यांच्या आत्याचं धाब्याचं घर पाडायला काढलंय आणि तिथल्या भिंतीतल्या फडताळात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काचसामान निघालं. एकदोन कपच्या सोडल्या तर सगळं धड आहे. त्यांचे यजमान भुसावळला रेल्वेत होते, साहेबलोक बदली होऊन गेले की बंगल्यातलं सामान विकून जायचे त्यातनं घेतलेलं असणार असं घरचे म्हणतात. जाड बुडाच्या वाट्या आहेत, बाहेरून चौकटीचौकटीची हिऱ्यासारखी नक्षी (आखाजीला आमरस ह्यातच वाढायचे म्हणे), एक पिवळी पायवाली बशी, नारिंगी झाक मारणारे सरबताचे ग्लास आणि बरणीचं नुसतं झाकण, बरणीचा पत्ता नाही. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय. जळगावचा एक जुन्या वस्तूंवाला फोटो बघूनच म्हणाला, बेल्जियम कट ग्लास आहे वहिनी, सगळ्याचे मिळून पाच हजार देतो, आजच्या आज. आजच्या आज म्हणाला तिथेच कान टवकारले. ओळखायचं कसं, आणि ठेवावं का विकावं? मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही.

काचवेडा_भुसावळ
ताई, त्याला आत्ता हो म्हणू नका. आपल्याकडच्या जुन्या बाजारात प्रत्येक जाड काच बेल्जियमची असते आणि प्रत्येक पितळ शिवकालीन, ते सोडून द्या.

वाटीच्या आतून बोट फिरवा. बाहेरच्या नक्षीचे उंचसखल आतही लागले तर ती साच्यात फुंकलेली, ती जात निराळी. आत गुळगुळीत असेल तर कापलेली नाहीतर दाबलेली. मग बाहेरच्या नक्षीच्या कडेवरून नख ओढा, कापलेल्या काचेची कड चाकावर घासून काढलेली असते ती नखाला चांगली जाणवते, दाबलेल्याची कड बोथट असते. आता वाटी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून हळूहळू फिरवा आणि साच्याचा सांधा शोधा, म्हणजे बारीक उभी रेघ. साचा जितक्या तुकड्यांचा तितक्या रेघा, दोन, तीन, चार. चांगले कारखाने सांधा नक्षीच्या खाचेत लपवायचे, आणि काठ परत भट्टीत धरून मऊ करायचे म्हणून रेघ काठाच्या जरा खालीच संपते, तेव्हा दिसली नाही म्हणून लगेच कट ग्लास समजू नका.

अजून एक, बुडाशी आतून केसासारखी आखूड रेघ दिसली तर तडा समजून घाबरू नका. नख अडकत नसेल तर तो कात्रीचा वण. वितळलेल्या काचेचा गोळा कात्रीने तोडून साच्यात टाकायचे आणि वरून दट्ट्या दाबायचे, गार कात्री लागली तिथे खूण राहते. हे दाबायचं यंत्र अमेरिकेत १८२० च्या दशकात आलं आणि ज्यांना कट ग्लास परवडत नव्हतं त्यांच्या टेबलावर तसलीच नक्षी स्वस्तात आली, त्यामुळे तुमच्या वाट्या दाबलेल्या निघाल्या तर तोंड पाडू नका, ह्यांचेही शौकीन आहेत.

धुळेकर_अण्णा
आमना घरमा बी असा माल व्हता, मायनी समदा बोहारणीले दी टाका, एक स्टीलना डबासाठे 😀

आणि सगळं विलायतीच असेल असं धरून चालू नका. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ चा, त्यानंतर ओगलेवाडी, प्रभाकर कंदीलवाले. उत्तरेला फिरोजाबाद तर आहेच. नारिंगी ग्लासांच्या बुडाशी काही उठवलंय का बघा.

यावलची_सून
बघितलं. वाट्या आतून गुळगुळीत, सांधे तीन, बुडाशी तो वण पण आहे, म्हणजे कट ग्लास नाही हे नक्की झालं. नारिंगी ग्लासाच्या बुडाशी इंग्रजीत 'जैन' अशी अक्षरं आहेत, मला वाटलं मालकाचं आडनाव. पिवळ्या बशीच्या मधोमध आर डी आणि पुढे सहा आकडी नंबर, सुरुवात २१२ ने. झाकणावर काहीच नाही.

काचवेडा_भुसावळ
अहो बशी सांभाळा!! आर डी म्हणजे इंग्लंडमध्ये नोंदवलेलं डिझाइन. हे नंबर १८८४ पासून एक, दोन असे चालू झाले, त्याआधी १८४२ ते १८८३ चौकोन टोकावर उभा केल्यासारखी शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असायची. १९०० उजाडताना नंबर साडेतीन लाखाच्या पुढे गेलेला, २१२ हजार म्हणजे १८९३ साल. पण हे साल डिझाइन नोंदवल्याचं आहे, तुमची बशी त्याच वर्षी भट्टीतून निघाली असं नाही, तोच साचा नंतरही वापरत राहायचे. विकणारे इथेच गोलमाल करतात.

बशीच्या कडा दुधाळ होत गेल्यात का? इंग्लंडातल्या गेट्सहेडच्या डेव्हिडसन कारखान्याने १८८९ मध्ये पर्लाइन नावाची काच काढली, मध्ये रंग आणि कडेला दुधाळ, पिवळी आणि निळी अशी मिळते. त्याच गावच्या सावरबी कारखान्याची खूण मोराचं डोकं. तुमची पिवळीच आहे, तेव्हा खोट्या नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणा आणि रात्री दिवे बंद करून मारा.

जैन म्हणजे फिरोजाबादचा कारखाना. नारिंगी ग्लासावर पाण्यावर रॉकेल पसरल्यासारखी रंगीत चमक असेल तर ती गरम काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारून आणलेली असते, बाहेर ह्याला कार्निव्हल ग्लास म्हणतात आणि ते गोळा करणारे परदेशी लोक भारतीय ग्लास मुद्दाम शोधतात. तारेच्या घासणीने घासलंत तर चमक गेली समजा.

रसायन_शिक्षिका
टॉर्चबद्दल थोडं. पिवळी बशी झगझगीत हिरवी पेटली तर त्यात युरेनियम आहे, रंगासाठी घालायचे, बहुतेक वेळा वजनाच्या २ टक्क्यांच्या आत. कपाटात ठेवायला, हाताळायला भीती नाही, फक्त लोणचं, लिंबू, चिंच असलं आंबट त्यात ठेवून देऊ नका. पण हिरवं दिसलं म्हणजे युरेनियमच असं नाही, मॅंगनीजवाली जुनी पांढरी काच पण मंद हिरवट दिसते. बिनरंगी काच स्वच्छ दिसावी म्हणून मॅंगनीज घालायचे, आणि तीच काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते. आपल्या भुसावळच्या उन्हात तर काय विचारता. हल्ली किरणं मारून मुद्दाम जांभळी करून जुनी म्हणून विकतात, गडद जांभळं दिसलं तर सावध.

केळीबाग_रावेर
मी तर म्हणतो वापरा. आमच्याकडे अशाच वाट्यांत श्रीखंड वाढतात, कपाटात ठेवून धूळ पुसण्यात काय मजा. मात्र ही काच हल्लीच्या चहाच्या टफन ग्लाससारखी नाही, गरम शिरा ओतला की तडकते, आणि मे महिन्यात तापलेल्या खोलीतनं काढून एकदम बर्फाचं सरबत ओतलं तरी तेच. बोअरच्या पाण्याने पांढरी पुटं चढली असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवा, निघाली तर क्षार, नाही निघाली तर काचच खराब झालीय, ती घासून येत नाही.

यावलची_सून
टॉर्च मारला, बशी नुसती पेटली!! आमच्या लेकीने किंकाळीच फोडली. कडा दुधाळ आहेत. वाट्या अगदीच फिकट हिरव्या दिसतात, नाही म्हणायला. जळगाववाल्याला बशी विकायची नाही म्हटलं तर म्हणतो मग बाकीचं पण नको, म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. वाट्या आणि ग्लास आता आमच्याकडेच राहणार, झाकण कुणाला हवं असेल तर घेऊन जा. फक्त नंबरचा फोटो येतच नाहीये, सगळं चकाकतं.

काचवेडा_भुसावळ
बोटावर थोडी टाल्कम पावडर घेऊन अक्षरांवर चोळा आणि वरची फुंकरीने उडवा, खाचेत राहील तेवढीच पांढरी दिसेल. खाली काळा कागद ठेवा, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने. सगळे सहा आकडे येऊ द्या फोटोत, दोनशे बाराच्या पुढचे तीन कळले की डिझाइन नेमकं कोणत्या कारखान्याचं ते शोधता येईल.

धुळेकर_अण्णा
झाकणाचा घेर किती इंच आहे ते टाका ताई, आतल्या कडेपासून मोजा, बाहेरून नको.