पंढरीच्या वाटेवर सायकली : सांगा तुमचा अनुभव

आळंदी-देहूहून पालख्या निघायच्या आधीच सायकलवाल्यांच्या दिंड्या पंढरपूरकडे सुटतात. पुण्याहून हडपसर, यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी असा दोनशेच्या वर किलोमीटरचा रस्ता. बरेच गट या निमित्ताने पैसेही उभे करतात. आमचा गट गावाकडच्या मुलींना शाळेसाठी सायकली देतो. किती तासांत पोचलात ते इथे नको. सोबत कशी होती, आणि श्रद्धा म्हणतात ती सायकलवर कुठे भेटली, ते लिहा. वाट पंढरीचीच हवी असंही नाही. सुरुवात मी करते.

आमचा नियम एकच. सगळ्यांत मागे जो असेल, त्याचा वेग तो गटाचा वेग. यवत सोडलं की उजवीकडून नैऋत्येचा वारा लागतो. अशा वाऱ्यात पुढच्याच्या अगदी मागे राहून भागत नाही, जरा डावीकडे सरकावं लागतं. हायवेच्या कडेची पट्टी अरुंद, म्हणून आम्ही तिघातिघांच्या तुकड्या करतो. पुढचा दमायच्या आत मागे येतो, दमल्यावर नाही.

भिगवणच्या अलीकडे एका काकांची चेन तुटली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले दुसरे काका रस्त्याकडेला मांडी घालून बसले, तुटकी कडी काढली आणि चेन आखूड करून जोडली. हात मनगटापर्यंत काळे, सकाळपासून पोटात काही नाही. गटातली सगळ्यांत लहान मुलगी शेजारी उकिडवी बसली आणि राजगिऱ्याचा लाडू मोडून त्यांना घास भरवत राहिली. ते मान वर न करता तोंड उघडत होते.

मी वारकरी घरातली. आजोबा पायी जायचे, भेटेल त्याच्या पाया पडायचे. सायकलवर ते जमत नाही. पण पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून तासन् तास चालवायचं आणि तो खड्डा दाखवणारच हे धरून चालायचं, माझ्या लेखी ही तीच श्रद्धा.

नाशिकहून
मी देव मानत नाही. नाशिक, सिन्नर, नगर, करमाळा या वाटेने मी मित्रांसाठी गेलो. करमाळ्याच्या पुढे माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. एकाने मीठ-साखर-लिंबाचं पाणी दिलं, दुसऱ्याने पाय खांद्यावर घेऊन पंजा माझ्याकडे दाबून धरला. गोळा सुटेपर्यंत सगळे उन्हात उभे होते, आणि "गाडीत बस" असं कुणी म्हणालं नाही. पंढरपुरात ते दर्शनाच्या रांगेत गेले, मी बाहेर सगळ्यांच्या सायकली राखल्या. एकाने येताना माझ्या कपाळाला बुक्का लावला. मी तो पुसला नाही. माझं मत बदललेलं नाही, पण त्यांच्या श्रद्धेबद्दल आता मी हलकं बोलत नाही आणि कुणाला बोलू देत नाही.

करकंबजवळून
आमचं घर टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यालाच आहे. सायकलवाले आले की हापशावर बाटल्या भरून देतो, चहा ठेवतो. पैसे घेत नाही. माउली दारात आली तर तिच्याकडून पैसे कसे घ्यायचे?

कॅलिफोर्नियाहून
इथे एड्सच्या रुग्णसेवेसाठी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी 'एड्स/लाइफसायकल' राइड व्हायची. 545 मैल, सात दिवस. 2025 साली ती शेवटची झाली. तिसऱ्या दिवशी 'क्वाडबस्टर' नावाची चढण लागायची. वर पोचलेली माणसं पुन्हा खाली उतरायची आणि अनोळखी लोकांच्या पाठीला हात लावून त्यांना वर आणायची. माझ्याही पाठीला असा एक हात होता. चढण संपली तेव्हा तो माणूस परत खाली निघालाही होता. समारंभात बिनस्वाराची एक सायकल हाताने धरून नेत, जे गेले त्यांच्यासाठी. ती पुढून गेली तेव्हा मी "पुंडलिक वरदे" पुटपुटलो. दुसरी प्रार्थना मला येतच नाही. शेजारच्या बाईने अर्थ विचारला नाही, फक्त माझा हात धरला.

सोलापूरहून, डॉक्टर
परतीचाही विचार आधीच करा. पुण्याकडे सायकलनेच फिरलात तर पश्चिमेचा वारा बराचसा तोंडावर घ्यावा लागतो, आणि पाय आदल्या दिवशीचे असतात. आमच्याकडे परतीला सगळ्यांत अनुभवी दोघे मागे राहतात, पुढे नाही. तहान लागायच्या आधी पाणी प्या. चक्कर येत असेल तर लाजू नका, शेजाऱ्याला लगेच सांगा. संघ त्यासाठीच असतो.

इंदापूर तालुक्यातून, शिक्षिका
गेल्या वर्षी एका गटाने आमच्या शाळेत सायकली आणल्या. भाषणं झाली नाहीत. सायकलस्वार पाने घेऊन मैदानात बसले आणि एकेका मुलीला बसवून तिच्या उंचीप्रमाणे सीट खाली-वर करून दिली. मग उतरलेली चेन कशी चढवायची ते शिकवलं. मुलींचे हात काळे झाले, गणवेशांनाही लागलं, पण प्रत्येकीकडून दोनदा करून घेतलं. आता आठवीच्या मुली वाडीवरून एकत्र येतात. एकीची सायकल बिघडली की सगळ्या थांबतात, त्यामुळे कधीकधी पहिल्या तासाला उशीर होतो. मी त्यांची हजेरी लावते.