डीसीएम (डायक्लोरोमिथेन, क्लोरीनवालं सॉल्व्हंट) बंद करायचंय, जागी काय वापरू? इथाइल अॅसिटेटने घोळ झालाय

तळोजा_शिफ्टवाला
नमस्कार मंडळी, तळोजा एमआयडीसीत एका छोट्या युनिटला प्रॉडक्शनमध्ये आहे. एक अमीन इंटरमीजिएट (मधल्या टप्प्याचा माल) आम्ही वर्षानुवर्षं डीसीएममध्ये काढतोय, कॉस्टिक टाकून पीएच १२ करायचा आणि मग तीनदा एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पाण्यातला माल डीसीएममध्ये ओढून घ्यायचा. आता युरोपचा कस्टमर म्हणतोय क्लोरिनेटेड सॉल्व्हंट नको. मलाही ते मनापासून हवंय, कारण मे महिन्यात ड्रम उघडला की वास डोक्यात जातो, आमचा एक हेल्पर दोनदा चक्कर येऊन खाली बसला, विशीतला पोरगा आहे हो. लॅबला इथाइल अॅसिटेट लावून बघितलं तर यील्ड पडला आणि एचपीएलसीला (शुद्धता तपासायची टेस्ट) एक नवीन पीक आलं, म्हणजे आलेखात नको त्या पदार्थाचं टोक. ग्रीन म्हणून जे सांगतात ते प्लांटवर खरंच चालतं का?

माटुंगा_लॅबवाली
दादा, ते पीक बहुतेक अॅसिटामाइडचं. मोकळं अमीन इथाइल अॅसिटेटशीच रिअॅक्ट होतं, त्यात पीएच १२ म्हणजे कॉस्टिक त्याच एस्टरचं (इथाइल अॅसिटेटचं) सोडियम अॅसिटेट आणि इथेनॉल करत बसतं. एस्टर चांगलं सॉल्व्हंट आहे पण तुमच्या या स्टेपला नकोच. २-मिथाइल टीएचएफ (मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान) करून बघा. ते फरफ्युरालपासून बनतं आणि फरफ्युराल उसाच्या चिपाडातून निघतं. साधं टीएचएफ पाण्यात पूर्ण मिसळतं, हे वेगळा थर देतं. थोडं पाण्यात जातंच, पण गंमत म्हणजे गरम पाण्यात कमी जातं, म्हणून ४०-४५ अंशाला सेपरेट करा, वर मीठ टाका. पेरॉक्साइड होतं त्याच्यात, ते तापलं की स्फोट होऊ शकतो, तेव्हा बीएचटी (पेरॉक्साइड रोखणारं) घातलेलंच घ्या आणि डिस्टिलेशनच्या आधी टेस्ट केल्याशिवाय गरम करू नका.

ठाकुर्लीचे_काका
ताई केमिस्ट्री बरोबर सांगतायत, मी प्लांटवरचं सांगतो, ३० वर्षं याच कामात गेली. डीसीएम पाण्यापेक्षा जड, तो खाली बसतो, बॉटम व्हॉल्व्हमधून काढला की पाणी रिअॅक्टरमध्येच राहतं आणि त्यावर ताजा डीसीएम टाकता येतो. हलकं सॉल्व्हंट आलं की सगळं उलटं, पाणी आधी दुसऱ्या व्हेसलमध्ये काढा, मग वरचा थर, मग पाणी परत आत घ्या. व्हेसल आहे का रिकामी? आमच्याकडे असाच बदल केला तेव्हा नाईट शिफ्टच्या ऑपरेटरने सवयीने पहिला थर प्रॉडक्ट म्हणून ठेवला आणि खरा प्रॉडक्ट ईटीपीत (सांडपाणी प्रक्रियेत) गेला. त्या पोराची काय चूक, त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

दुसरं, आग. डीसीएम सहसा पेट घेत नाही म्हणून बऱ्याच जणांचं अर्थिंगकडे लक्षच नसतं. २-मिथाइल टीएचएफचा फ्लॅश पॉइंट (वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान) उणे ११ अंश. नायट्रोजन, अर्थिंग, फ्लेमप्रूफ पंप हे आधी, पहिली बॅच नंतर. डोंबिवलीत २०१६ ला आणि २०२४ ला, दोन्ही वेळा मे महिन्यात काय झालं ते आम्ही जवळून बघितलंय. कारणं वेगळी होती, पण घराच्या काचा हादरल्या की माणूस विसरत नाही.

तळोजा_शिफ्टवाला
काका, थरांचं डोक्यातच नव्हतं. पण ताई, रेट ऐकून मालक नाही म्हणतील.

माटुंगा_लॅबवाली
रिकव्हरी धरून हिशोब दाखवा. पाण्याबरोबर २-मिथाइल टीएचएफचा अॅझिओट्रोप (एकत्र उकळणारं मिश्रण) ७१ अंशाला निघतो, थंड केला की थर वेगळे होतात, वरचा परत वापरा. डीसीएम ४० अंशाला उकळतो, तुमच्या कंडेन्सरमधून उन्हाळ्यात किती उडतो ते मोजून बघा एकदा, तो पण पैसाच आहे. नाहीच जमलं तर टोल्युइन, स्वस्त आहे, अमीनला काही करत नाही, फक्त तुमचं अमीन त्यात नीट विरघळतं का ते बघा. ग्रीन म्हणणार नाही मी त्याला.

आणि त्या हेल्परला डॉक्टरकडे न्या. डीसीएम शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, २०१४ पासून तो आयएआरसीच्या (कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था) २ए यादीत आहे, म्हणजे बहुधा कॅन्सर करणारा, आणि साध्या नायट्राइल ग्लव्हजमधून काही मिनिटांत आत जातो.

तळोजा_शिफ्टवाला
ग्लव्हज नायट्राइलचेच आहेत आमच्याकडे. उद्या सकाळी त्याला घेऊन जातो, ड्रमवर दुसरं कोणी बसणार नाही तोपर्यंत. शनिवारी लॅबला २-मिथाइल टीएचएफ आणि टोल्युइन दोन्ही लावतो, पीक आलं की नाही ते इथेच टाकतो.