मदत हवी आहे: रिमॅपनंतर आंबा घाटात बूस्ट पडतो

२.५ लिटर टर्बो डिझेल पिकअप, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून मासळी भरून कोल्हापूरला जाते. मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), सिलिकॉन होज आणि ईसीयू रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं) केलंय. सपाटीला झकास, घाटात तिसऱ्या गिअरला बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) १.४ बारवरून ०.९ वर येतो आणि काळा धूर निघतो.

१.५ बार हवा भरून साबणाचं पाणी लावलं, गळती नाही. एअर फिल्टर नवा, मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) साफ. वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) रॉड मात्र अडखळतो. खाऱ्या हवेने पिव्होट गंजलाय, झडप पूर्ण मिटत नसावी. शिवाय रिमॅपमध्ये स्मोक लिमिटर (हवेच्या मानाने डिझेल रोखणारी मर्यादा) सैल केला असणार, नाहीतर हवा कमी पडल्यावर डिझेलही कमी झालं असतं. असंच चालवलं तर टर्बो तापून जाईल, ही खरी काळजी.

आधी ईसीयूचा मूळ मॅप टाकावा की रॉड हलवणारा ॲक्च्युएटर बदलावा? रॉडला प्रीलोड (झडप मिटलेली राहावी म्हणून आधीच दिलेला ताण) किती ठेवता?